एचआयव्हीसोबत हिपॅटायटिस बी असेल तर या चुका टाळा

एआरटीची, म्हणजे एचआयव्हीवरच्या रोजच्या औषधाची, गोळी थांबवायचा विचार मनात आला, तर आधी जुनी फाईल काढा आणि त्यात ‘एचबीएसएजी’ची ओळ शोधा. काही लॅब तिला ऑस्ट्रेलिया अँटिजेन म्हणतात. पुढे ‘रिॲक्टिव्ह’ लिहिलं असेल तर हिपॅटायटिस बीचा विषाणूही अंगात आहे, आणि रोजची ती एकच गोळी दोन्ही आजार आवरून धरते आहे. ही ओळ फाईलमध्ये सापडलीच नाही, तर पुढच्या भेटीत तपासणी मागून घ्या.

बरं वाटतंय म्हणून गोळी सोडणं

सगळ्यांत महागात पडणारी चूक हीच. सरकारी एआरटी केंद्रात बहुतेकांना मिळणाऱ्या टीएलडी गोळीत टेनोफोविर, लॅमिव्ह्युडिन आणि डोल्युटेग्राविर असतं. त्यातली पहिली दोन औषधं हिपॅटायटिस बीवरही चालतात. गोळी बंद केली की काही आठवड्यांत किंवा महिन्यांत बीचा विषाणू उसळून येऊ शकतो. मग यकृताची इजा दाखवणारं एसजीपीटी एकदम चढतं, कावीळ होते, कधीकधी यकृत निकामी होण्यापर्यंत मजल जाते.

आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात हे ऊसतोडीच्या हंगामात जास्त जपावं लागतं. बीडकडून आलेली टोळी फडात असते, गोळ्या संपतात, केंद्र गावाकडं राहिलेलं असतं. अशा वेळी कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयातल्या एआरटी केंद्रात उपचाराची पुस्तिका घेऊन जा आणि परगावचा असल्याचं सांगा, गोळ्यांची सोय विचारा. पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर, गावी जातानाही पुरेशा गोळ्या घेऊनच निघा. मुकादमाला कारण सांगायची गरज नाही.

व्हायरल लोड चांगला, म्हणजे बी गेला असं समजणं

एआरटीच्या व्हायरल लोडमध्ये फक्त एचआयव्ही मोजतात. हिपॅटायटिस बीचा विषाणू मोजायला एचबीव्ही डीएनए ही वेगळी तपासणी लागते. एचआयव्हीचा आकडा उत्तम आला तरी यकृताची तपासणी सोडू नका.

गोळी बदलताना गप्प राहणं

मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिन वाढलं म्हणून किंवा एचआयव्हीवर औषध चालेना म्हणून डॉक्टर गोळी बदलू शकतात. त्या वेळी ‘मला हिपॅटायटिस बी पण आहे’ हे वाक्य स्वतःहून बोला, विशेषतः डॉक्टर नवीन असतील तर. टेनोफोविर काढून बीसाठी एकटं लॅमिव्ह्युडिन उरलं, तर काही वर्षांत विषाणू त्याला दाद देईनासा होतो. पर्याय असतात, पण डॉक्टरांना बी माहीत असेल तरच ते निवडता येतात.

डोळे पिवळे नाहीत, म्हणजे काही नाही

2012 मध्ये इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली होती. ती दूषित पाण्यातून पसरलेल्या हिपॅटायटिस ईची होती. म्हणून आपल्याकडं कावीळ म्हटलं की पाणी आठवतं. बी तसा नाही. तो रक्तातून, असुरक्षित शरीरसंबंधातून आणि आईकडून बाळाला जातो. एका ताटात जेवल्यानं तो होत नाही. रेझर आणि टूथब्रश मात्र वेगळा ठेवा. वर्षानुवर्षं कसलंही लक्षण न दाखवता तो यकृत खराब करत राहतो, त्यातून सिरॉसिस (यकृत कडक होणं) आणि कॅन्सरही होऊ शकतो. एचआयव्ही सोबत असेल तर ही वाटचाल वेगानं होते.

गळ्यात माळ घालून, चुन्याच्या पाण्यानं हात धुऊन किंवा झाडपाल्याचा रस पिऊन हा विषाणू जात नाही. काही मुळ्यांचा तर आधीच दुखावलेल्या यकृताला आणखी मार बसतो. दारूचंही तेच, थोडीसुद्धा नको.

घरच्यांना लस न देणं

नवरा-बायको आणि मुलांची तपासणी करून ज्यांना संरक्षण नाही त्यांना लस द्या. बी असलेल्या आईच्या बाळाला जन्मल्यापासून 24 तासांच्या आत पहिला डोस हवा. सोबत इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे लगेच संरक्षण देणारं इंजेक्शन, द्यायचं का, हे प्रसूतीआधीच डॉक्टरांना विचारून ठेवा.

एचआयव्ही आहे पण बी नाही, अशांनीही लस घ्यावी. त्यांच्यात ती कमी लागू पडते, म्हणून अनेकदा दुप्पट मात्रा देतात. शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी अँटिबॉडी तपासा. आकडा 10 पेक्षा कमी आला तर पुन्हा कोर्स करावा लागतो.

खर्चाची धास्ती नको. 2018 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात तपासणी आणि उपचार मोफत आहेत. आणि गोळ्या चुकल्या असतील, वर लघवी गडद पिवळी होत असेल, अन्नावरची वासना गेली असेल, उजव्या बरगडीखाली दुखत असेल, तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी दवाखाना गाठा.