खुब्याच्या मेलेल्या हाडातल्या रोगप्रतिकारक पेशी स्लाइडवर कशा पाहाव्यात

खुबा बदलताना सर्जन मांडीच्या हाडाचा जो गोळा काढतात, तो रक्तपुरवठा तुटून मेलेला असेल तर आमच्या टेबलावर येतो. कुणी स्टिरॉइड घेतलेले, कुणाला दारूचं व्यसन. विदर्भातून आलेल्यांत सिकलसेलचे तरुणही असतात. रुग्णाची संमती आणि नमुन्याची नोंद झाली आहे असं धरून पुढे सांगते.

गोळा मधोमध उभा कापा आणि ३-४ मिलिमीटर जाडीच्या चकत्या करा. करवतीचा भुसा धुवून टाका. चकत्या १० टक्के बफर्ड फॉर्मॅलिनमध्ये किमान दोन दिवस ठेवा.

आता तुकडा कुठला घ्यायचा? ‘मेलेल्या भागाच्या मधला घ्या’ हा सल्ला मी अजूनही ऐकते आणि तो चूक आहे. पिवळट, पाचरीसारख्या भागात हाडाच्या पेशींची रिकामी कोटरं आणि मेलेली चरबी दिसेल, रोगप्रतिकारक पेशी जवळजवळ दिसणारच नाहीत. रक्तवाहिन्या जिथवर पोचतात तिथवरच या पेशी येतात. म्हणून मेलेलं आणि जिवंत हाड दोन्ही येतील असा, सीमेवरचा तुकडा घ्या.

यानंतरची पायरी म्हणजे हाडातलं कॅल्शियम काढणं, डीकॅल. सगळं इथे बिघडतं.

सुरुवातीला मला नायट्रिक ॲसिड वापरायला सांगितलं होतं. दोन दिवसांत हाड मऊ झालं, सेक्शन म्हणजे पातळ काप सुरेख आले, पण सीडी ६८ चा स्टेन, म्हणजे मॅक्रोफेज या भक्षक रोगप्रतिकारक पेशी ओळखणारा रंग, लावला तर स्लाइड कोरी. ‘मॅक्रोफेज आढळले नाहीत’ असा अहवाल मी लिहिला. काही महिन्यांनी त्याच गोळ्याची उरलेली चकती ईडीटीएमध्ये, म्हणजे कॅल्शियम पकडून हळूहळू काढणाऱ्या रसायनात, घातली, तेव्हा सीमेवर मॅक्रोफेजच्या रांगा दिसल्या. पेशी होत्याच. ॲसिडने त्यांची ओळख पटवणारी प्रथिनं खराब केली होती. तो अहवाल मागे घ्यावा लागला, आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं.

त्यामुळे या कामासाठी ॲसिड नाहीच. घाई असली तरी नाही. १४ टक्के ईडीटीए घ्या, पीएच ७.२ ते ७.४. पावडर विरघळत नसेल तर ती खराब नाही. सोडियम हायड्रॉक्साइड थोडं थोडं घालत पीएच वर न्या, विरघळेल. तुकड्याच्या वीसपट द्रावण, दर दोन-तीन दिवसांनी नवं, आणि बरणी हलत राहील अशी सोय. मला तीन ते पाच आठवडे लागतात. सुई टोचून मऊपणा तपासू नका, ते भोक स्लाइडवर कायम दिसतं. तुकड्याचा एक्स-रे काढा. सीमेवरचं हाड दाट असतं, ते सर्वांत शेवटी मऊ होतं. बाकी चकती वाकायला लागली म्हणून तुम्ही थांबलात, तर मायक्रोटोमची (पातळ काप काढणाऱ्या यंत्राची) पाती नेमक्या हव्या त्या जागी अडेल आणि सेक्शन फाटेल.

पॅराफिन ब्लॉक, ४ मायक्रॉनचे सेक्शन, कोटेड स्लाइड. अँटिजेन रिट्रीव्हलसाठी, म्हणजे फॉर्मॅलिनने झाकलेली प्रथिनं पुन्हा उघडी करण्यासाठी, उकळू नका, हाडाचा सेक्शन सुटून तरंगतो. रिट्रीव्हलच्या द्रावणात ६० अंश सेल्सिअसला रात्रभर ठेवा. सोबत ईडीटीएमधूनच काढलेली, मॅक्रोफेज असल्याची खात्री असलेली हाडाची स्लाइड कंट्रोल म्हणून, म्हणजे तुलनेसाठी, हवीच.

स्लाइड वाचताना आधी साध्या एच-ई (हिमॅटॉक्सिलिन-इओसिन) स्टेनवर सीमा शोधा. मग सीडी ६८ वर मॅक्रोफेज पाहा, शेजारच्या सेक्शनवर सीडी १६३. सीडी १६३ दुरुस्तीकडे वळलेल्या मॅक्रोफेजवर जास्त दिसतो, पण तेवढ्यावर निदान ठोकू नका. एकाच पेशीवर दाहाच्या आणि दुरुस्तीच्या, दोन्ही बाजूंच्या खुणा सापडतात. ट्रॅप नावाच्या एन्झाइमच्या स्टेनवर लाल झालेल्या, अनेक केंद्रकांच्या मोठ्या पेशी हाडाला चिकटलेल्या दिसतील. त्या ऑस्टिओक्लास्ट, मॅक्रोफेजच्याच कुळातल्या. पेटलेले मॅक्रोफेज टीएनएफसारखी दाह वाढवणारी रसायनं सोडून त्यांना चेतवतात. मेलेलं हाड त्या पोखरतात, ते आवश्यकही आहे. पण नवं हाड तितक्या वेगाने बसत नाही आणि गोळा कूर्चेखाली खचतो. कूर्चेखालची चंद्रकोरीसारखी फट दिसली, तर तिथून सीमेपर्यंतचं अंतर मोजून अहवालात लिहा.