शब्दाच्या पोटातली गोष्ट

मुलांना इंग्रजी शब्दांचे नुसते अर्थ घोकायला लावू नका, त्यापेक्षा शब्दाचं एक मूळ पकडा आणि त्याचं अख्खं कुटुंब शोधायला लावा. लॅटिनमध्ये 'पोर्टारे' म्हणजे वाहून नेणं, त्यातूनच इम्पोर्ट, एक्सपोर्ट, ट्रान्सपोर्ट, पोर्टेबल आणि चक्क रिपोर्टसुद्धा, म्हणजे बातमी परत घेऊन येणं! दिवसाला एकच मूळ, जास्त नको, आणि आधी त्यांना अंदाज करू द्या.

गोष्टवाले शब्द तर हमखास लक्षात राहतात. मसल म्हणजे मुळात लॅटिनमधला 'छोटा उंदीर', दंड फुगवला की कातडीखाली उंदीर हलल्यासारखं दिसतं ना, मुलं लगेच हात वाकवून बघतात. 'ऑक्टो' म्हणजे ८, मग ऑक्टोबर १०वा महिना कसा, हे विचारा त्यांना, जुनं रोमन वर्ष मार्चपासून सुरू व्हायचं म्हणून!