स्टारड्यू व्हॅलीचा पहिला स्प्रिंग: तारखा उलट्या मोजून केलेली शेती

स्टारड्यू व्हॅली फेब्रुवारी २०१६ मध्ये आला. एरिक बरोन या एकट्या माणसाने बनवलेला हा गेम आजही लोक नव्या शेतापासून पुन्हा पुन्हा सुरू करतात. मार्च २०२४ मध्ये पीसीवर १.६ आवृत्ती आली, तेव्हा जुने खेळाडूही परत फिरले. नव्या माणसाची तक्रार मात्र ठरलेली असते: पैसा साठत नाही आणि दिवस पुरत नाही. दोन्हींचं मूळ एकच आहे. हातात पैसे आले की जे दिसेल ते बी घ्यायचं, पेरायचं आणि मग कधी निघेल ते बघायचं, असा खेळ चालतो. पहिल्या सीझनमध्ये उलटं करायचं. १३ (एग फेस्टिव्हल) आणि २८ (स्प्रिंगचा शेवटचा दिवस) या दोन तारखांवर बोट ठेवायचं आणि तिथून मागे मोजत यायचं.

मोजायची रीत सोपी आहे. पेरणीच्या तारखेत पिकाचे दिवस मिळवा, ती काढणीची तारीख. पार्सनिपला ४ दिवस लागतात, म्हणजे १ तारखेला पेरलं की ५ तारखेला हातात. एखाद्या दिवशी पाणी घालायचं राहिलं तर रोप मरत नाही, फक्त त्या दिवशी वाढत नाही आणि काढणी एक दिवस पुढे जाते. घरी खरी शेती असणाऱ्यांना हे विचित्र वाटेल, पण इथे रोप मरतं ते सीझन बदलताना. समर १ च्या सकाळी स्प्रिंगची सगळी पिकं वाळलेली दिसतात, मग ती काढणीला एक दिवस बाकी असो की दहा.

नवीन गेम सुरू करताना स्टँडर्ड शेत निवडा. मेडोलँड्स शेतात सुरुवातीला पार्सनिपच्या बियांऐवजी कोंबड्या मिळतात, त्यामुळे पुढचा हिशोब लागू पडत नाही. बीच फार्म दिसायला झकास आहे, पण तिथल्या वाळूवर स्प्रिंकलर चालत नाहीत. पहिल्या खेपेला त्याच्या नादी लागू नका.

पहिला दिवस: ५०० गोल्ड कुठे घालवायचे

हातात ५०० गोल्ड आणि महापौर लुईसने दिलेल्या १५ पार्सनिपच्या बिया. एनर्जी २७०. कुदळीचा एक घाव २ एनर्जी खातो, झारीचं एक चौकोन पाणीही २ खातं. बी टाकायला काही लागत नाही. म्हणजे दर रोपामागे पहिल्या दिवशी ४ आणि नंतर रोज २.

पिएरचं बियांचं दुकान सकाळी ९ ते संध्याकाळी ५ उघडं असतं, बुधवारी बंद. पहिला दिवस सोमवार. तिथून १ फ्लॉवर (८०), १ ग्रीन बीन (६०) आणि ७ बटाटे (३५०) घ्या, एकूण ४९०. फ्लॉवर आणि बीन एकेकच का? ते कमाईसाठी घेतलेले नाहीत. कम्युनिटी सेंटर म्हणजे गावातली मोडकी इमारत, ठरलेल्या वस्तूंचे संच (बंडल) देऊन ती दुरुस्त करायची असते. तिच्या स्प्रिंग क्रॉप्स बंडलला पार्सनिप, बटाटा, फ्लॉवर आणि बीन प्रत्येकी एक लागतो. (गेम सुरू करताना ‘रीमिक्स्ड’ बंडल निवडली असतील तर यादी वेगळी निघू शकते.) फ्लॉवर १७५ ला विकला जातो म्हणून पुष्कळ जण सगळे पैसे त्यात घालतात. पण त्याला १२ दिवस लागतात. १ तारखेला पेरलेला फ्लॉवर १३ ला निघतो, आणि १३ लाच आपल्याला स्ट्रॉबेरीच्या बियांसाठी रोख लागणार आहे. बटाटा ६ दिवसांत निघतो, ८० ला जातो आणि कधीकधी एका रोपातून जास्तीचाही मिळतो.

बीनला मांडव असतो, त्यातून चालता येत नाही. तो वाफ्याच्या कडेला लावा. मध्ये लावला तर रोज पाणी घालताना वळसा पडतो.

एकूण २४ चौकोन झाले: खणणं आणि पाणी मिळून ९६ एनर्जी. उरलेल्या १७४ मध्ये संपूर्ण शेत साफ करायला निघू नका. पहिल्या दिवशी सगळ्यात जास्त एनर्जी वाया जाते ती इथेच. तळ्याजवळचा एक तुकडा पुरे. झारीत ४० वेळा पुरेल इतकंच पाणी मावतं, त्यामुळे रोपं ४० च्या वर गेली की मधेच भरायला जावं लागणार. उरलेल्या ताकदीत झाडं तोडा. ५० लाकडांची पेटी आधी बनवा, कारण पिशवीत जागा फक्त १२ आहेत. विळ्याला एनर्जी लागत नाही. गवत कापून निघणारं फायबर विकू नका, बुजगावण्याला २० लागतं.

कावळ्यांचा नियम फारसा कुणी सांगत नाही. शेतात १६ पेक्षा कमी रोपं असतील तर कावळे येत नाहीत. २४ रोपांवर एका रात्री फार तर एक. म्हणून पहिले चार-पाच दिवस बुजगावण्याविना चालतं. ५ तारखेला १५ पार्सनिप काढले की शेतीचा अनुभव १२० होतो (दर पार्सनिपला ८), पहिल्या लेव्हलला १०० पुरतात, आणि त्या रात्री झोपल्यावर बुजगावण्याची कृती मिळते: ५० लाकूड, १ कोळसा, २० फायबर. चारी बाजूंना ८ चौकोनांपर्यंत त्याचा पहारा असतो. कोळसा अजून सापडला नसेल तर क्लिंट लोहाराकडे विकत मिळतो, १५० गोल्डला.

मासेमारी, आणि पावसाचा बुधवार

२ तारखेला कोळी विलीचं पत्र येतं. ९ ते ५ मध्ये समुद्रावर गेलात तर तो बांबूची गळकाठी फुकट देतो. ३ तारखेला पहिल्या वर्षी पाऊस ठरलेलाच आहे. त्यात बुधवार, पिएर बंद, पाणी घालायचं काम नाही. हा दिवस मासेमारीचा.

एकदा गळ टाकला की ८ एनर्जी जाते, म्हणजे दिवसाला ३३ च्या आसपास फेका. नवख्यांचे मासे सुटतात त्याचं कारण बहुतेक वेळा एकच: बटण दाबून धरणं. हिरवी पट्टी (ती माशावर धरून ठेवायची असते) वर जोरात जाते, मग सोडल्यावर खाली आपटून उसळी घेते आणि तेवढ्यात मासा निसटतो. हलक्या, पटापट टिचक्या मारा, पट्टी तरंगती ठेवा. मासा तळाशी गेला की पट्टी पूर्ण न सोडता मंद टिचक्यांनी उतरवा. खजिन्याची पेटी दिसली आणि मासा उड्या मारत असेल तर पेटी विसरा. पाण्यावर बुडबुडे दिसले तर गळ नेमका त्यात टाका, तिथे मासा लवकर लागतो.

तरीही जमत नसेल तर विलीकडून २५ गोल्डची ट्रेनिंग रॉड घ्या. पट्टी मासेमारीच्या लेव्हल ५ एवढी रुंद होते. बदल्यात फक्त सोपे मासे आणि साध्या दर्जाचे. दोन-तीन लेव्हल वाढल्या की बांबूच्या काठीवर परत या.

५ ते १२: मागे मोजायचा आठवडा

५ तारखेला तीन गोष्टी एकदम होतात. पार्सनिप निघतात, १५ विकले तर किमान ५२५ गोल्ड. खाणीचा रस्ता मोकळा होतो. आणि पाऊस नसेल तर सकाळी ८ ते १ मध्ये गावात शिरताच लुईस कम्युनिटी सेंटर दाखवायला नेतो.

सगळे पार्सनिप विकू नका. एक बंडलसाठी, आणि सोनेरी चांदणीचे (वरच्या दर्जाचे) निघाले असतील ते पेटीत. क्वालिटी क्रॉप्स बंडलमध्ये पार्सनिप द्यायचे ठरवलेत तर सोनेरी चांदणीचे ५ लागतात, आणि त्याची खरी आठवण होते ती स्प्रिंग संपल्यावर.

आता हिशोब. १३ तारखेला एग फेस्टिव्हल असतो आणि तिथे १०० गोल्डला एक या भावाने स्ट्रॉबेरीचं बी मिळतं. पिएरकडे ते मिळत नाही. फेस्टिव्हलच्या दिवशी दुकानं बंद असतात, त्यामुळे माल १२ ला रात्रीपर्यंत घराशेजारच्या शिपिंग बिनमध्ये पडला पाहिजे. पैसे झोपेतून उठल्यावर जमा होतात. यावरून मागे या: बटाटा शेवटचा ६ ला पेरायचा, पार्सनिप शेवटचा ८ ला. ७ तारखेला पहिले बटाटे निघतील. तो रविवार आहे, ते थेट पिएरला विका म्हणजे पैसे हातात येतील, आणि त्याच फेरीत पार्सनिपचं बी घेऊन त्याच दिवशी पेरा. ९ तारखेपासून मात्र बियांवर एक गोल्डही घालवू नका. त्याचे पैसे १३ नंतरच हातात येतील.

याच दिवसांत पिएरच्या दुकानातली २००० गोल्डची मोठी पिशवी खुणावते. आमचं मत: मासे विकून दोन्ही जमत असेल तर जरूर घ्या, एकच जमत असेल तर थांबा. पिशवी १४ लाही मिळेल, स्ट्रॉबेरी नाही. २००० गोल्डच्या २० बियांमधून सीझनअखेर ४० फळं निघतात, साध्या दर्जाची धरली तरी दर १२० प्रमाणे ४८०० गोल्ड.

१३ तारीख, सकाळी ६ पासून

फेस्टिव्हलहून परतलं की घड्याळात रात्रीचे १० वाजलेले असतात, मग आत किती वेळ काढला ते काही असो. म्हणून सगळं सकाळीच उरका. आधी उभ्या पिकांना पाणी. मग जितक्या बिया घ्यायच्या आहेत तितके चौकोन खणा आणि त्या रिकाम्या मातीवरही पाणी घाला. माती दुसऱ्या सकाळपर्यंत ओली राहते, त्यामुळे रात्री येऊन नुसतं बी टाकलं तरी तो दिवस वाढीत धरला जातो. आदल्या दिवशी खणून ठेवू नका, रिकामी खणलेली जमीन रात्रीतून पुन्हा बुजू शकते.

फेस्टिव्हलला ९ ते २ मध्ये शिरता येतं. आत गेल्यावर आधी स्टॉल. लुईसशी बोलून अंड्यांचा शोध सुरू केला की तो संपल्यावर फेस्टिव्हलच संपतो, आणि बिया राहून जातात. ही चूक फार होते. एकट्याने खेळताना ९ अंडी गोळा केली की शर्यत जिंकता येते, बक्षीस गवती टोपी.

स्ट्रॉबेरीला ८ दिवस, नंतर दर ४ दिवसांनी तोडा. १३ ला पेरली तर २१ आणि २५. १६ ला पेरली तरी २४ आणि २८, म्हणजे दोन तोडेच. त्यामुळे १३ च्या रात्री सगळं नाही पेरून झालं तर जीव टाकू नका. रात्री २ वाजता जिथे असाल तिथे कोसळता आणि पैसे कापले जातात, ते टाळा. १७ ला पेरलं तर मात्र एकच तोडा, आणि १२० च्या फळासाठी १०० चं बी परवडत नाही.

उरलेला सीझन

१५ ते १८ या चार दिवसांत झुडपांवर गुलाबी फळं लागतात, सॅल्मनबेरी. झुडूप हलवलं की पडतात. एक फळ २५ एनर्जी देतं. विकून चार पैसेच येतात, ती साठवा आणि खाणीत खा.

खाणीत लिफ्ट दर ५ मजल्यांनी थांबते. म्हणून ५ च्या पटीत उतरा. रात्री ११ वाजता १३ व्या मजल्यावर असाल तर १५ गाठायच्या हट्टापेक्षा बाहेर या. खाणीत हेल्थ संपून बेशुद्ध पडलात तर पैशांसोबत पिशवीतल्या वस्तूही जातात. ३९ पर्यंत तांबं, ४१ पासून लोखंड. तांब्याचं खनिज पहिल्यांदा हाती लागलं की दुसऱ्या सकाळी क्लिंट दारात येऊन भट्टीची कृती देतो: २० खनिज, २५ दगड. पुढे ५ खनिज आणि १ कोळसा मिळून एक कांब.

पहिली सुधारणा झारीचीच करा. तांब्याच्या झारीला २००० गोल्ड आणि ५ कांबा लागतात, आणि ती एका दमात ३ चौकोन भिजवते. क्लिंट ती दोन दिवस ठेवून घेतो, खरी गोम तिथे आहे. टीव्हीवर उद्याचा पाऊस सांगितला की आज सकाळी सगळ्या रोपांना पाणी घालून मग झारी द्या. उद्या पाऊस काम करेल, परवा सकाळी ९ ला झारी हातात. पाऊस नाहीच मिळाला तर २७ तारीख धरा: सकाळी शेवटचं पाणी घालून झारी द्या, २८ ला पाण्याची गरजच नसते कारण रात्रीतून सगळं वाळणार आहे, आणि समर १ ला नवी झारी तयार.

शेवटच्या पेरण्या अशा: फ्लॉवर १६, बटाटा २२, पार्सनिप २४. २४ नंतर स्प्रिंगचं बी घेऊ नका, पैसे ब्लूबेरीसाठी ठेवा. तिचं बी ८० गोल्ड, १३ दिवसांत पहिला तोडा, मग दर ४ दिवसांनी, दर वेळी किमान ३ फळं, फळाला ५०. समरच्या ३ तारखेपर्यंत पेरली तर चार तोडे, ४ ला पेरली तर तीनच. आणि ३ तारखेला बुधवार आहे, पिएर बंद, तेव्हा खरेदी १ किंवा २ लाच उरका.