बेस एकटा दणदणीत, बँडमध्ये गायब: माझा अनुभव

बेस गिटारचा ट्रॅक सोलोवर (एकटाच ऐकला तर) मस्त, पण ड्रम्स चालू झाले की नुसती घरघर, ठोका लागतच नाही. ६० हर्ट्झ वाढवून बघितलं, तारा नव्या टाकल्या, फरक शून्य, डोकं उठलं होतं नुसतं.

जमलं ते असं: डीआय (गिटारमधून थेट केबलने घेतलेला सिग्नल) आणि अँपसमोरचा माइक, दोन्ही ट्रॅक स्क्रीनवर झूम केले तर माइकची लाट मागे (आवाजाला ३४ सेंमी जायला साधारण १ मिलिसेकंद लागतो). आधी माइकचा ट्रॅक डावीकडे सरकवून डीआयला जुळवला, मग पोलॅरिटी (लाटेची वर-खाली दिशा) उलटसुलट करून ज्यात खालचा आवाज जाड लागतो ते ठेवलं, अर्धं काम इथेच झालं. मग ४० हर्ट्झला हाय-पास (त्याखालचा आवाज कापणारा फिल्टर), त्यानंतर कॉम्प्रेसर (मोठा आवाज दाबणारा) ४:१, अटॅक (दाबणं लागू व्हायला लागणारा वेळ) ३० मिलिसेकंद, कमी ठेवला तर बोटाचा ठोकाच मरतो, रिलीज (दाब सोडायला लागणारा वेळ) १०० मिलिसेकंदांच्या आसपास. शेवटी ८०० हर्ट्झ २ डीबी वर, पण हे सोलो काढून ड्रम्ससोबत ऐकतच करा.