अंगणातलं ऊन आणि एक स्ट्रोब: घरच्या माणसांचं पोर्ट्रेट कसं काढायचं

आमच्या आजोबांचा एकही धड फोटो नाहीये. हॉलमध्ये लावलाय तो कुणाच्यातरी लग्नातल्या ग्रुप फोटोतून कापून मोठा केलेला, एका बाजूला दुसऱ्याचा खांदा दिसतो आणि चेहरा सगळा पिवळट, फुटलेला. तेव्हापासून माझ्या डोक्यात बसलंय की घरातल्या प्रत्येक म्हाताऱ्या माणसाचा, त्यांच्याच अंगणात, त्यांच्याच कपड्यांत, नीट लाईट देऊन काढलेला एक तरी फोटो पाहिजे. स्टुडिओत नेलं की ही माणसं पासपोर्ट फोटोसारखी ताठ होतात. आणि नुसत्या मोबाईलवर दुपारी काढला तर डोळ्यांच्या जागी दोन काळे खड्डे.

तर एक स्ट्रोब, म्हणजे कॅमेऱ्यापासून वेगळा ठेवायचा जोरदार फ्लॅश, आणि अंगणातलं ऊन यांच्यावर हे कसं जमवायचं ते सांगते. मी सातारा जिल्ह्यातल्या आमच्या घरी करते तसंच सांगते, तुमची गच्ची असो नाहीतर बिल्डिंगखालचं पार्किंग, हिशोब तोच राहतो.

आधी वेळ. बाकी सगळं नंतर. भर दुपारी नको, उन्हाळ्यात तर अजिबातच नको, आपल्याकडे मे महिन्यात सूर्य अक्षरशः डोक्यावर येतो, पुण्यात मेच्या मध्यावर शून्य सावली दिवस असतो तो यामुळेच. त्या उन्हात नाकाची सावली ओठावर आणि भुवयांची सावली डोळ्यांत, स्ट्रोबने ती भरता येते पण पॉवर इतकी लागते की बॅटरी अर्ध्या तासात बसते आणि समोरचं माणूस घामाने निथळतं. आमचं घर पूर्वेला तोंड करून आहे, गावाकडची बरीच घरं तशीच असतात, आणि त्याचा मोठा फायदा असा की चार वाजले की घराचीच सावली अंगणात पडते. माणूस सावलीत, त्याच्यामागे लांबचं शेत आणि डोंगर मात्र तिरप्या उन्हात. ही माझी सगळ्यात आवडती जागा.

पण इथेच नुसत्या कॅमेऱ्याची गोची होते. सावलीतला चेहरा आणि उन्हातला डोंगर यांच्यात साधारण तीन स्टॉपचा फरक असतो, एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा, म्हणजे तीन स्टॉपला आठपट कमी-जास्त. चेहरा बरोबर घेतला की मागचा डोंगर पांढरा फटक, डोंगर बरोबर घेतला की आजी काळी. स्ट्रोब लागतो तो हा खड्डा भरायला, बाकी कशाला नाही. फोटो बघणाऱ्याला "लाईट मारलाय" असं जाणवलं तर माझ्या मते काम बिघडलं.

आता क्रम, आणि तो उलटा करू नका. पहिल्यांदा स्ट्रोब बंद. कॅमेरा मॅन्युअलवर, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १००, शटर (प्रकाश आत घ्यायचा वेळ) १/२०० सेकंद, आणि फक्त मागचं ऊन बघून अ‍ॅपर्चर ठरवायचं, म्हणजे लेन्सचं भोक किती उघडायचं ते, एफचा आकडा लहान तितकं भोक मोठं. संध्याकाळी साडेचार-पाचला माझ्याकडे ते एफ/८ च्या आसपास येतं. या फोटोत माणूस काळंच दिसणार, दिसू दे, डोंगर आणि आभाळाचा रंग छान आला की झालं. मग स्ट्रोब चालू करायचा, अगदी कमी पॉवरवर, आणि चेहरा उजळेपर्यंत एकेक पायरी वाढवत न्यायचं. चेहऱ्यावरचा लाईट मागच्या उन्हापेक्षा अर्धा स्टॉप कमीच ठेवायचा, कारण सावलीतलं माणूस उन्हापेक्षा जास्त चमकलं की डोळ्याला लगेच खोटं वाटतं.

हे जमायला एक गोष्ट पक्की डोक्यात बसली पाहिजे. फ्लॅशचा झोत सेकंदाच्या अगदी छोट्या भागात येऊन जातो, त्यामुळे शटर कमीजास्त केलं तरी फ्लॅशला फरक पडत नाही, फक्त मागचं ऊन कमीजास्त होतं. अ‍ॅपर्चर हलवलं की दोन्ही हलतात. पॉवर बदलली की फक्त चेहरा. म्हणजे डोंगर जास्त उजळ वाटतोय तर शटरचा वेग वाढवा, आजी जास्त उजळ वाटतेय तर पॉवर कमी करा. मी सुरुवातीला तिन्ही एकदम फिरवायचे आणि मग काय बदललं म्हणून काय झालं हेच कळायचं नाही.

शटर मात्र मनाला येईल तितकं वाढवता येत नाही. बहुतेक कॅमेऱ्यांत फ्लॅशबरोबर १/२०० किंवा १/२५० पर्यंतच जाता येतं, त्याला सिंक स्पीड म्हणतात. त्यापुढे गेलात की फोटोत एका कडेला काळा पट्टा येतो, कारण फ्लॅश उडतो तेव्हा शटरचा पडदा सेन्सरवरून पूर्ण सरकलेलाच नसतो. एकदा चुलतबहिणीच्या डोहाळजेवणाचे माझे चाळीसेक फोटो असे पट्टेवाले आले, कॅमेऱ्याच्या छोट्या स्क्रीनवर लक्षातच आलं नव्हतं, आणि तो दिवस काही परत आला नाही. तेव्हा पहिला फोटो काढला की झूम करून चारही कडा बघा.

मग प्रश्न येतो की एफ/८ वर मागचं सगळं स्पष्ट दिसतं, पाण्याची टाकी, वायरी, शेजाऱ्यांची वाळत घातलेली गोधडी. बॅकग्राउंड ब्लर पाहिजे तर एफ/२.८ ला यायला लागणार आणि तिथे उजेड आठपट जास्त शिरणार. दोन रस्ते आहेत. एक म्हणजे हाय स्पीड सिंक, ज्यात फ्लॅश एकदा न उडता भराभर लुकलुकत राहतो आणि तुम्ही १/१६०० वगैरे शटर वापरू शकता, पण पॉवर निदान दोन स्टॉप खाल्ली जाते. दुसरा म्हणजे लेन्सवर एनडी ८ फिल्टर, म्हणजे काळपट काच, तो बरोबर तीन स्टॉप कापतो, म्हणजे एफ/८ चं एफ/२.८ होतं आणि शटर १/२०० च राहतं. मला फिल्टरच आवडतो. स्वस्त पडतो आणि स्ट्रोबची पूर्ण ताकद हातात राहते. पण फोकस फिल्टर लावायच्या आधीच जमवून ठेवा, उजेड उतरल्यावर काही कॅमेरे फिल्टरमागे चाचपडत बसतात.

स्ट्रोब कुठला? माझ्याकडे गोडॉक्सचा एडी २०० आहे, २०० वॉट-सेकंद ताकदीचा, बॅटरीवर चालतो म्हणून अंगणात वायर ओढायला लागत नाही आणि पोरं अडखळून पडत नाहीत. ८० सेंटिमीटरचा सॉफ्टबॉक्स (लाईट मऊ करणारी पांढऱ्या कापडाची पेटी) लावून तो माणसापासून चार फुटांवर ठेवला की वरच्या सेटिंगला पाव पॉवरच्या आसपास काम होतं. नुसता कॅमेऱ्यावरचा स्पीडलाईट असेल तरी चालेल, फक्त तो कॅमेऱ्यावरून काढा, एक ट्रिगर (कॅमेऱ्यावरून लांबचा फ्लॅश उडवणारं यंत्र) घ्या आणि पांढऱ्या छत्रीतून मारा, छत्री एकदम जवळ आणा.

आणि या जवळ आणण्याबद्दल थोडं जास्त बोलते, कारण सगळी गंमत त्यातच आहे. लाईट जितका मोठा आणि जितका जवळ तितका मऊ. लोक काय करतात, फ्रेममध्ये यायला नको म्हणून सॉफ्टबॉक्स दहा फूट मागे नेतात, मग तो छोटा होतो, सावल्या कडक होतात आणि सुरकुत्या चिरल्यासारख्या दिसतात. शिवाय अंतर दुप्पट केलं की प्रकाश निम्मा नाही, चौथाई होतो, म्हणजे पॉवर चौपट लागणार. मी तर फ्रेमच्या कडेला टेकेल इतका जवळ आणते, कधीकधी कोपऱ्यात दिसतोही, मग क्रॉप करते. उंची डोळ्यांच्या थोडी वर आणि बाजूला, साधारण पंचेचाळीस अंशात. डोळ्यात लाईटचा ठिपका आला पाहिजे, वरच्या बाजूला, घड्याळात दहा किंवा दोनच्या जागी. तो ठिपका नसला की डोळे विझल्यासारखे वाटतात, बाकी फोटो कितीही चांगला असू दे.

आजी डोक्यावरून पदर घेते. मग वरून दिलेला लाईट पदराच्या सावलीत अडकतो आणि कपाळापासून डोळ्यांपर्यंत अंधार. अशा वेळी लाईट खाली आणायचा, जवळजवळ डोळ्यांच्या रेषेत, आणि दुसऱ्या बाजूला एक थर्माकोलची शीट उभी करायची. थर्माकोलला तोड नाही. पांढराशुभ्र, वजन नाही, आणि सिनेमावाले वर्षानुवर्षं तोच वापरतात.

चष्मा असेल तर काचेत सॉफ्टबॉक्सचा पांढरा चौकोन दिसतो. लाईट अजून बाजूला आणि वर घ्या, आणि चष्म्याच्या दांड्या कानावर किंचित उचला म्हणजे काच जराशी खाली झुकते, फोटोत कळत नाही. पदर आणि चष्मा दोन्ही असले तर खरंच कसोटी, मला अजून दरवेळी वेगळं काहीतरी करायला लागतं.

पांढरी टोपी आणि पांढरा सदरा घालणारे काका-आजोबा असतील तर उलटी अडचण. चेहरा सावळा, टोपी कडक इस्त्रीची. चेहऱ्यासाठी पॉवर वाढवली की टोपी जळते, तिचा नुसता पांढरा डाग राहतो, घडी दिसत नाही. कॅमेऱ्यात हायलाईट वॉर्निंग चालू करा, जळलेला भाग लुकलुकतो. मग सॉफ्टबॉक्स थोडा खाली घेऊन पुढे असा वळवा की त्याचा मधला झोत माणसाच्या समोरून जाईल आणि चेहऱ्यावर फक्त कडेचा मऊ उजेड पडेल, टोपी वाचते. आणि कृपा करून चेहरा गोरा करायला एक्स्पोजर वाढवू नका. सावळ्या रंगावर जवळच्या मोठ्या सॉफ्टबॉक्सची जी मऊ चकाकी येते ना, गालाच्या हाडावर, ती गोऱ्या रंगावर येतच नाही. ती घालवायची कशाला.

आता रंगाचं. गच्चीवर हिरवी शेडनेट असेल तर तिच्याखाली चेहरा हिरवट येतो, पावसाळ्यात निळी ताडपत्री बांधली असेल तर निळा, आणि ते नंतर कॉम्प्युटरवर काढता काढता नाकी नऊ येतात कारण एक गाल हिरवा असतो आणि स्ट्रोबकडचा बरा असतो. तेवढ्यापुरती नेट बाजूला करा किंवा माणसाला बाहेर काढा. दुसरं म्हणजे ऊन कलायला लागलं की ते केशरी होतं आणि स्ट्रोब तसाच पांढरा राहतो, साधारण ५५०० केल्विन (प्रकाशाच्या रंगाचं माप), मग मागे सोन्यासारखी संध्याकाळ आणि चेहरा दवाखान्यातल्या ट्यूबलाईटखाली असल्यासारखा. त्यावर उपाय म्हणजे स्ट्रोबसमोर केशरी जेल, म्हणजे रंगीत पारदर्शक कागद, सीटीओ म्हणतात त्याला. पाव सीटीओ बहुतेक वेळा पुरतो, सूर्य अगदी टेकला असेल तर अर्धा. व्हाईट बॅलन्स (कॅमेऱ्याचं रंगाचं सेटिंग) ऑटोवर ठेवू नका, डेलाईटवर पक्का करा नाहीतर दर फोटोला वेगळा रंग.

ढगाळ दिवस असेल तर सगळं सोपं होतं, आभाळच एक भला मोठा सॉफ्टबॉक्स असतं, फक्त तो डोक्यावर असल्यामुळे डोळ्यांखाली काळपट येतं. तेवढं उजळायला समोरून हलकासा स्ट्रोब, आभाळापेक्षा एक स्टॉप कमी. पण थेंब पडायला लागले की स्ट्रोब पडवीत. आत हाय व्होल्टेजचा कपॅसिटर असतो, पाण्याशी खेळ नको.

वाऱ्याचंही बघा. सॉफ्टबॉक्स म्हणजे शीडच, एक झुळूक आली की स्टँडसकट आडवा. मी स्टँडच्या पायाला पाच लिटरचा पाण्याचा कॅन बांधते, दोरीने, घट्ट, आणि जवळ एखादं मोठं पोरगं उभं करते.

राहिला माणूस. म्हातारी माणसं फ्लॅशला दचकतात. आजी पहिल्यांदा म्हणाली, "अगं बाई, वीज चमकल्यासारखं होतंय, डोळे जातील माझे." मग मी फोटो काढायच्या आधी पंधरा-वीस मिनिटं नुसताच स्ट्रोब उडवत राहिले, ती ओट्यावर गवार मोडत बसलेली, मी इकडचं तिकडचं बोलतेय, सेटिंग बघतेय. दहाव्या-बाराव्या वेळेनंतर ती पापणी हलवेना. हाताला काम असलं की खांदे सैल होतात. "हस आजी" म्हणू नका, तिला तिच्या माहेरच्या नदीबद्दल विचारा, गावातल्या जत्रेबद्दल विचारा, आणि उत्तर संपल्यावर जी एक शांतता येते ना, तेव्हा बटण दाबा. स्ट्रोबला पुन्हा चार्ज व्हायला सेकंद-दीड सेकंद लागतो, म्हणून धडाधड काढायचा प्रयत्न करू नका, पुढचे फोटो काळे येतील. एकेकच काढायचा.

ऊन डोंगराआड जाईपर्यंत मोजून चाळीस-पन्नास मिनिटं मिळतात आणि तेवढ्यात मागचा उजेड सारखा कमी होत असतो, चेहरा मात्र स्ट्रोबमुळे तसाच राहतो, म्हणून दर पाच-सात मिनिटांनी स्ट्रोब बंद करून एक फोटो काढा आणि शटर तेवढं खाली आणा. १/२०० वरून १/१००, मग १/६०. त्याखाली हात हलतो, ट्रायपॉड लावा.

आणि प्रिंट काढाच. ८ बाय १२ इंची, ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) २४०० बाय ३६०० पिक्सेल लागतात, आजकालच्या कुठल्याही कॅमेऱ्यात सहज असतात. मॅट पेपर सांगा, ग्लॉसीवर हॉलची ट्यूबलाईट चमकते आणि ज्याचा फोटो त्याचाच चेहरा दिसत नाही. मोबाईलचा ब्राइटनेस फुल ठेवून एडिट केलंत तर प्रिंट हमखास काळपट येते, तेव्हा ब्राइटनेस निम्म्यावर आणून एकदा बघा, तिथे चेहरा बरा वाटला की मग लॅबला पाठवा. आजीची प्रिंट मी दोनदा काढली, पहिली काळपट आलेली. दुसरी तिने स्वतः हातात घेऊन बराच वेळ बघितली, आणि मग आजोबांच्या फोटोशेजारी खिळा कुठे मारायचा ते बोटाने दाखवलं.