उभ्याने सुटताना पाय मागे जातोय का? स्टार्टच्या या चुका टाळा

पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं 1600 मीटरसाठी दम वाढवतात, 100 मीटरसाठी स्पीड वाढवतात, पण सुटायचं कसं याची प्रॅक्टिस फार कमी जण करतात. 100 मीटरला 15 मार्क आहेत, तिथे सुटतानाच मागे पडलात तर भरून काढायला अंतरच उरत नाही.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे शिट्टी वाजली की पुढचा पाय आधी मागे टाकायचा आणि मग पळायचं. करणाऱ्याला ते कळतच नाही. आमच्याकडे एका पोराला मी कितीदा सांगितलं, तो म्हणायचा नाही टाकत दादा, मग एक दिवस सकाळी दवाने माती ओली होती तेव्हा त्याला सुटायला लावलं आणि परत बोलावून ठसे दाखवले, एक लाईनीजवळ आणि त्याच पायाचा दुसरा चांगला वीतभर मागे! मग पटलं.

हे होतं कारण आपण ताठ उभे असतो आणि वजन मागच्या पायावर नाहीतर टाचेवर असतं, मग जोर लावायला शरीर पाय आपोआप मागे घेतं. त्यामुळे पुढचा पाय लाईनीच्या अगदी मागे ठेवा, लाईनीला लागू देऊ नका, मागचा पाय साधारण फूट-दीड फूट मागे, दोन्ही गुडघे वाकलेले, आणि वजन पुढच्या चवड्यावर इतकं घ्या की अजून जरा झुकलो तर तोंडावर पडू असं वाटलं पाहिजे. डावा पाय पुढे असेल तर उजवा हात पुढे, इथेही बरेच जण गडबडतात.

झुकायचं म्हणजे कंबरेत वाकायचं नाही, घोट्यापासून अख्खं शरीर पुढे न्यायचं. मान वर करून फिनिशकडे बघू नका, दोन-तीन मीटर पुढची जमीन बघा. आणि सुटल्यावर लगेच ताठ होऊ नका, पहिली पावलं छोटी आणि जोरात मारत हळूहळू वर या.

लाईनीवर झोके घेणं पण सोडा. ट्रॅकवर 400 च्या वरच्या रेसला ‘सेट’ म्हणत नाहीत, ‘ऑन युवर मार्क्स’ आणि थेट गन, हात जमिनीला टेकलेले चालत नाहीत आणि हललेलंही चालत नाही. आपल्या बीडच्या अविनाश साबळेची 2022 च्या बर्मिंगहॅम कॉमनवेल्थमधली स्टीपलचेस (3000 मीटरची अडथळ्यांची रेस) बघा, 8:11.20 मध्ये सिल्व्हर, ती रेस पण उभ्यानेच सुटते.

1600 ला मात्र चूक उलटी होते, गर्दीत पुढे घुसायच्या नादात पोरं पहिले 200 मीटर 100 सारखे पळतात आणि तिसऱ्या-चौथ्या राउंडला पाय जड होतात. गर्दीतून मोकळं होईपर्यंत जोर लावा, मग लगेच आपल्या पेसला या.

प्रॅक्टिसला पाय जोडून उभे राहा, पुढे पडत जा आणि आता पडणारच असं वाटलं की पळा, 20 मीटर, पाच-सहा वेळा. वॉर्मअपनंतर लगेच करा, दमल्यावर नाही. शिट्टी दुसऱ्याला वाजवायला सांगा, कधी लवकर कधी उशिरा, आणि दरवेळी मागे येऊन ठसे बघा.