पुस्तकांच्या खोलीतलं मांजर: रंगपेन्सिलींनी चित्र कसं रंगवावं

पुस्तकांनी भरलेली भिंत, एक खुर्ची, बाहेर पाऊस आणि खुर्चीत अंगाचं मुटकुळं करून बसलेलं मांजर. असं चित्र हातात आलं की पेटीतला प्रत्येक रंग एकेका पुस्तकाला द्यावासा वाटतो. मी बरीच वर्षं तेच करत होते आणि दर वेळी मांजर गर्दीत हरवून जायचं. पुस्तकं पन्नास, मांजर एकच. नजर त्याच्यावर जाऊन थांबायला हवी असेल तर पुस्तकांचा आवाज जरा खाली आणावा लागतो.

कागद, पेन्सिली आणि एक काम सगळ्यांत आधी

झेरॉक्सचा कागद ७०-८० जीएसएमचा (एका चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन) असतो. त्यावर दोन-तीन थर दिले की तो गुळगुळीत होतो आणि पुढचा रंग नुसता घसरतो. १५० जीएसएमच्या आसपासचा कार्ट्रिज पेपर, म्हणजे चित्रकलेचा जाड कागद घ्या. त्याच्या बारीक दाण्यात रंग धरून राहतो. क्रॉफर्ड मार्केटजवळच्या अब्दुल रहमान स्ट्रीटवर स्टेशनरीची दुकानं ओळीनं आहेत, तिथे चौकशी करा. पावसाळ्यात मुंबईची हवा ८० टक्क्यांहून जास्त दमट असते. कागद मऊ पडतो आणि जोर दिला की त्याचे तंतू उठतात. म्हणून कोरे कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद ठेवा. रंगवताना हाताखाली एक कोरा कागद घ्या, नाहीतर तळव्याच्या घामानं अर्धं चित्र फरकटतं.

चोवीसच्या पेटीतून दहाच पेन्सिली बाहेर काढा: फिकट पिवळी, मातकट पिवळी, नारिंगी, विटकरी, चॉकलेटी, जांभळी, गडद निळी, गडद हिरवी, गुलाबी आणि पांढरी. काळी पेटीतच राहू द्या.

आता मिशा. हो, रंगाचं टोक कागदाला लावण्याआधी मिशा. शाई संपलेलं बॉलपेन घ्या आणि मिशीच्या जागी, गालाकडून बाहेर, एका झटक्यात दाबून रेघ ओढा. कागदावर चर पडते. पुढे त्यावरून पेन्सिल आडवी धरून फिरवली की रंग चरीत उतरत नाही आणि मिशी पांढरी, केसासारखी बारीक राहते. भुवईवरचे दोन-तीन लांब केसही असेच काढून घ्या.

उजेड

माझ्या मते अर्धं चित्र इथेच ठरतं. आपल्या घरांतला ट्यूबलाइटचा उजेड सगळीकडे सारखा पडतो, त्यात सावल्या पुसट होतात. चित्रात ट्यूब बंद करा आणि खुर्चीशेजारी एक पिवळा दिवा लावा. तो कुठल्या बाजूला आहे हे ठरवून कागदाच्या कडेला शिसपेन्सिलीनं बारीक बाण काढून ठेवा. तासाभरानं हमखास विसरायला होतं.

दिव्याचं मधलं तेज म्हणजे कोरा कागद, त्याला हात लावायचा नाही. त्याभोवती फिकट पिवळ्याचा अगदी हलका थर द्या. भिंत, पुस्तकं, खुर्चीचा हात, मांजराची पाठ, उजेडाच्या वाटेत येईल त्या सगळ्यावरून तो जाऊ द्या. खिडकीच्या ग्रिलमागचं आभाळ मात्र निळसर-जांभळं करा, पिवळा तिकडे नेऊ नका. चित्राची ऊब या निळ्यामुळे येते. शेजारी थंड रंग असला की साधा पिवळाही तापलेला वाटतो. सगळीकडे नारिंगी फासलेलं चित्र उबदार दिसत नाही, नुसतं नारिंगी दिसतं.

मांजर

मी तांबूस पट्टेरी बोका निवडते. बोकाच, कारण तांबूस मांजरांत बोक्यांचं प्रमाण बरंच जास्त असतं. त्याच्या अंगावर पट्टे असतात आणि कपाळावर इंग्रजी ‘एम’सारखी खूण. ती नीट आली की चेहरा ओळखीचा वाटायला लागतो.

केसांची दिशा चुकली तर मांजर मखमलीच्या उशीसारखं दिसतं. नाकाच्या दांडीवरून केस कपाळाकडे वर जातात, गालांवरून बाहेर पसरतात, पाठीवर शेपटीकडे वळतात. त्याच दिशेनं आखूड रेघा मारा आणि प्रत्येक रेघेच्या शेवटी टोक उचला. फिकट पिवळ्यावर मातकट पिवळा, त्यावर नारिंगी, मग विटकरी पट्टे. दोन पट्ट्यांमध्ये खालचा पिवळा दिसत राहिला पाहिजे. बाहेरची रेघ गडद करू नका, कडेला केस थोडे बाहेर आलेले दाखवा. दिव्याच्या विरुद्ध बाजूला जांभळ्याचा पातळ थर दिला की पोट गोल होतं. नाकाला आणि कानाच्या आत गुलाबी.

डोळे उघडे असतील तर मधली बाहुली मोठी आणि गोल ठेवा. उभी चीर भर उन्हात दिसते, मंद उजेडात ती पसरते. डोळ्यात दिव्याच्या बाजूला कोऱ्या कागदाचा एक ठिपका सोडा.

पुस्तकं

तीन-चार शेजारच्या पुस्तकांचा एक गट करा आणि गटाला एकच रंग द्या: विटकरी, मग हिरवा, मग चॉकलेटी. खाकी कव्हरं घातलेली पुस्तकं, एकत्र बांधून घेतलेले दिवाळी अंक, असे मातकट ठोकळे मध्ये टाका. खिडकीलगतची एक-दोन पुस्तकं फिकट निळसर ठेवा. उन्हानं छापील कव्हरातला लाल आणि पिवळा आधी उडतो, निळा मागे राहतो. आडव्या ठेवलेल्या पुस्तकांची पानं कडेला जास्त पिवळी आणि आत फिकट, कारण हवा आणि उजेड कडेलाच आधी लागतो.

नावं लिहीत बसू नका. एक बारीक सलग रेघ आणि तिला लोंबणाऱ्या चार-पाच आखूड काड्या एवढं पुरतं. शिरोरेखा दिसली की वाचणारा मराठी पुस्तक ओळखतो. दोन पुस्तकांमधल्या फटीत चॉकलेटीवर गडद निळा दाबून भरा. काळ्यानं फट भोकासारखी दिसते, या मिश्रणात खोली राहते.

फरशी आणि पडदा एकेका हलक्या थरात उरका.

शेवटचा हात

सगळ्यांत गडद जागा एकच: मांजराचं पोट खुर्चीच्या गादीला टेकतं ती. तिथे निळा, चॉकलेटी आणि जांभळा एकमेकांवर चढवा. मांजराला वजन येतं. मग पांढरी पेन्सिल जोर देऊन फक्त दिव्याजवळच्या भागावर फिरवा, खालचे थर एकजीव होतात. मिशांवरून नेऊ नका.

मेणाच्या पेन्सिली असतील तर काही दिवसांनी गडद भागावर पांढुरकी झाक येते. मेण वर येतं, चित्र बिघडलेलं नसतं. मऊ सुती कापडानं अलगद पुसा, झाक जाते. फ्रेम करून घेतलीत तर जूनमध्ये ओल येणाऱ्या भिंतीवर आणि थेट उन्हात टांगू नका.